मधलं वर्तुळ

औरंगाबादच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची सहा वर्षं मला नीट दिसत नव्हतं. ही गोष्ट तेव्हा बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. लपवण्यात मी इतका तरबेज झालो होतो की कधीकधी माझं मलाच कौतुक वाटायचं. आता त्या कौतुकाची लाज वाटते. रागही येतो, पण राग काय, तो माझ्या स्वभावातच आहे. मुलं माझ्यामागं मला ‘ॲसिड’ म्हणायची, हे मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आमच्या घरात पुरुषांना रातांधळेपण. वडील निजामाच्या काळात कन्नडच्या तहसिलीत कारकून होते. शिकले उर्दूत, लिहायचे उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर दफ्तर मराठीत आलं, तेव्हा चाळिशी उलटलेल्या त्या माणसानं माझ्या पाटीवर बाराखडी गिरवली आणि नोकरी टिकवली. दिवेलागणीनंतर ते भिंतीला हात लावून चालायचे आणि कचेरीत कुणाला कळू नये म्हणून दिवस मावळायच्या आत घर गाठायचे. नोकरी गेली की माणूस कशातच जमा राहत नाही, ही धास्ती मला त्यांच्याकडून मिळाली. डोळेही त्यांच्याकडूनच मिळाले.

माझं मात्र रात्रीपुरतं थांबलं नाही. पस्तिशीनंतर बाजूचं दिसायचं कमी होत गेलं. दारांच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, समोरून नमस्कार करणाऱ्याचा हात दिसेनासा झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा वाळत चाललाय, इलाज नाही, मधलं आहे तोवर आहे. म्हणजे असं, की समोर बघितलं की मधोमध ताटलीएवढा एक गोल स्वच्छ दिसायचा आणि त्याच्याबाहेर काही नाही. लोकांना वाटतं काळोख दिसत असेल. काळोखसुद्धा नाही. आपल्या पाठीमागचं आपल्याला दिसत नाही, तसं माझ्या बाजूचं मला दिसत नव्हतं.

बायकोचं म्हणणं, प्राचार्यांना जाऊन सरळ सांगावं. डोळे अधू असलेल्यांना टेलिफोन ऑपरेटरची जागा मिळते, असंही तिनं कुठून तरी शोधून काढलं होतं. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. तिला घेऊन मी रिकाम्या वर्गात गेलो आणि दारापासून व्यासपीठापर्यंत किती पावलं, व्यासपीठावरून फळ्यापर्यंत किती, फळ्याची डावी कड कुठं, हे सगळं आम्ही दोघांनी मोजून काढलं. ती बिचारी पुढच्या बाकावर बसून सांगत होती, थोडं डावीकडं, आता बरोबर. आमच्या लग्नानंतर इतका वेळ आम्ही दोघंच कुठं बसलो नव्हतो. पाठ्यपुस्तकं मला तोंडपाठ होतीच. नवं काही आलं की ती वाचून दाखवायची, अडखळत, कारण तिचं शिक्षण मॅट्रिक. सहा वर्षं ती माझ्यासाठी क्वांटम नंबर वाचत राहिली आणि मी तिच्या उच्चारांवर चिडत राहिलो.

दुसऱ्या वर्षाला अणुरचना माझ्याकडं असायची. त्यातही एस ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागेचा सगळ्यात साधा आकार, मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. खेड्यांतून आलेली पोरं डोक्यात एकच चित्र घेऊन यायची, की इलेक्ट्रॉन म्हणजे घाण्याचा बैल, केंद्रकाभोवती फिरतोय. ते चित्र मोडायला मला फार आवडायचं. मी सांगायचो, तो फिरत नाही. तो कुठं आहे हे सांगताच येत नाही, कुठं असण्याचा संभव किती आहे एवढंच सांगता येतं. सापडला तिथं एक टिंब द्या, पुन्हा सापडला, पुन्हा टिंब द्या. अशी हजारो टिंबं दिली की केंद्रकापाशी दाट आणि बाहेर विरळ होत जाणारा एक गोल तयार होतो. चारी बाजूंनी सारखा. पी ऑर्बिटलला दिशा असते, डी ला असते, एस ला दिशा नाही. कुठूनही जा, तो तसाच. म्हणून हायड्रोजन कुठल्याही बाजूनं हात मिळवू शकतो. म्हणून सोडियमचा शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन, मोठ्या ढिल्या गोलात पसरलेला, सहज दुसऱ्याला देऊन टाकला जातो आणि आपल्या ताटात मीठ येतं. आणि एस मधलाच इलेक्ट्रॉन थेट केंद्रकापर्यंत पोचतो, बाकीच्यांना तिथं जागा नाही. म्हणून दुसऱ्या पातळीवरच्या एस ची, म्हणजे टू एस ची, ऊर्जा टू पी पेक्षा कमी, म्हणून आधी तो भरतो, म्हणून आवर्तसारणी आहे तशी आहे. मुलं माना डोलावत असावीत. मला दिसायच्या नाहीत, पण वर्गात एक प्रकारची शांतता पसरायची, तिच्यावरून मी समजायचो.

टू एस ची आकृती तेवढी नाजूक. एकात एक असे दोन गोल. आतला टिंबांनी भरलेला, त्याच्याभोवती एक रिकामा पट्टा, तिथं इलेक्ट्रॉन कधीच सापडत नाही, आणि त्या पट्ट्याबाहेर पुन्हा टिंबांचा थर. त्या रिकाम्या जागेला नोड म्हणतात. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, की सर, मध्ये जर कधी सापडत नाही तर आतला बाहेर येतो कसा. मी खूश व्हायचो. म्हणायचो, जाणं-येणं आपलं, माणसांचं. त्याचं तसं नसतं.

फळ्यावर वर्तुळ काढायची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला गर्व होता. दोरी-बिरी काही नाही. बाहेरचं वर्तुळ काढताना कोपर फळ्याला टेकवायचं आणि कोपरावर हात फिरवायचा. आतलं काढताना मनगट टेकवायचं आणि मनगटावर फिरवायचं. दोन्ही मधोमध यायची असतील तर आधी जिथं कोपर होतं बरोबर तिथं नंतर मनगट यायला हवं. नजर शाबूत होती तेव्हा ते आपोआप जमायचं. नजर गेल्यावर मी ते अंगाच्या सवयीनं करायला लागलो. बाहेरचं वर्तुळ काढायचं, वळून वर्गाला दोन वाक्यं सांगायची, पुन्हा फळ्याकडं वळायचं, मनगट टेकवायचं. खडूचं टोक मला स्वच्छ दिसायचं. पण खडूचं टोक आणि बाहेरचं वर्तुळ एकदम दिसायचं नाही. आणि माझी ऐट अशी की आपला हात चुकतोय ही शंका मला चाटूनसुद्धा गेली नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी पहिल्या बाकावर लासूर स्टेशनची एक मुलगी बसायची. रोज पॅसेंजरनं यायची. वडील तिथल्या बाजारात धान्याची तोलाई करायचे. दिवाळीच्या आधी एकदा ती मला व्हरांड्यात भेटली आणि म्हणाली की गाईड वापरावं की तुमच्या नोट्स पुरतील. घरून एवढीच सवलत आहे, एकदा नापास झाली की घरी बसायचं, असं वडिलांनी ॲडमिशनच्या वेळीच सांगून ठेवलंय. हे ती रडगाणं गात सांगत नव्हती; गाडीची वेळ सांगावी तसं सांगत होती. मी म्हणालो, गाईड जाळून टाक, मी फळ्यावर काढतो ते जसंच्या तसं उतरव. तिनं ते शब्दशः मनावर घेतलं. आमच्या भागात मुलं सरांवर असा विश्वास टाकतात, निदान तेव्हा टाकायची. पुस्तक पुण्या-मुंबईचं कुणी लिहिलेलं असतं. पेपर तपासणारा आपल्याच भागातला सर असतो, तेव्हा सर म्हणतील ते खरं.

मे महिन्यात पेपर तपासायला आम्हा सगळ्यांना विद्यापीठात बोलावलं. मोठा हॉल, कूलरचा घरघराट, लांबच लांब टेबलं. मी नेहमीसारखी खिडकीजवळची उन्हाची जागा धरली. एकेक शब्द ताटलीत घ्यायचा आणि पुढं सरकायचं, असं माझं तपासणं. वेळ फार लागायचा. लोक त्याला बारकाई समजायचे आणि मी समजू द्यायचो. पेपरात टू एस ची आकृती पाच मार्कांना आली होती. प्रश्न माझा नव्हता, पण तो वाचून मला आनंद झाला होता. म्हटलं, माझी पोरं हे डोळे मिटून काढतील.

माझ्यासमोर एक जुना मित्र बसला होता, दुसऱ्या कॉलेजातला, गप्पिष्ट आणि दिलदार माणूस. दुपारच्या चहानंतर तो एकदम हसायला लागला. म्हणाला, हे बघा, अख्खा गठ्ठा एकाच साच्यातला आहे. आतला गोल कोपऱ्यात, खाली उजवीकडं, बाहेरच्याला चिकटवलेला. नोड एका बाजूला गायबच. दहा-बारा पेपर त्यानं फिरवले. सगळे हसले.

“यांचा सर आंधळाय का काय?” तो म्हणाला.

मीही हसलो. हसत हसत एक पेपर मागून घेतला आणि खिडकीकडं धरला. आतल्या वर्तुळावर नजर ठेवून कडेकडेनं सरकत गेलो. खाली उजवीकडं ते बाहेरच्या रेषेला जाऊन भिडलं होतं. दुसरा पेपर घेतला. खाली उजवीकडं. तिसरा घेतला. मग मी कागद ठेवून टेबलावर कोपर टेकवलं, वळल्यासारखं केलं, पुन्हा फिरलो आणि मनगट टेकवलं. ते खाली उजवीकडं पडलं. वर्षभर, दरवेळी, मी माझ्या मुलांना हेच काढून दाखवलं होतं. त्या आकृतीत एस चा एस पणाच उरला नव्हता. चारी बाजूंनी सारखा असणारा तो, मी त्याला एका कुशीवर कलंडवून ठेवलं होतं.

मुख्य परीक्षक टेबलाशी आले. गठ्ठ्यांवर नुसते आकडे असायचे, कॉलेज कळायचं नाही. ते म्हणाले की अख्ख्या वर्गानं एकच चूक केलीय म्हणजे शिकवणाऱ्यानंच तसं शिकवलंय, मुलांचा दोष नाही. लेखी स्पष्टीकरण बरोबर असेल तर तीन मार्क द्यावेत का? मित्रानं माझ्याकडं बोट केलं. म्हणाला, यांना विचारा, एस ऑर्बिटल यांच्याइतकं इथं कुणाला कळतं?

मी काय विचार केला ते मला आजही लख्ख आठवतं. तीन मार्क दिले तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर कुठलं कॉलेज, कोण सर, हे निघेल. निघालं तर कुणीतरी माझ्या वर्गात येऊन बसेल, आणि मग सगळंच संपलं. विचार म्हणतोय खरा, पण ती नुसती भीती होती, नागडी.

“शून्य द्या,” मी म्हणालो. “नोडच कळला नाही त्याला मार्क कसले?”

सगळ्यांनी मान्य केलं. मित्र म्हणाला, हा माणूस कडक आहे बुवा.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती ताटावरून उठली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली की तपासणीचं केंद्र अजून चार दिवस चालू आहे, उद्या जाऊन सांगा. मी उद्या गेलो, परवा गेलो, चारही दिवस गेलो आणि दुसरे गठ्ठे तपासून आलो. रोज संध्याकाळी ती माझ्या तोंडाकडं बघत असेल. मला दिसायचं नाही आणि ती विचारायची नाही. पाच मार्कांनी कुणाचं काय जातं, अशी मी माझी समजूत घालत होतो. पण ती रात्री टिकायची नाही आणि सकाळीही नाही.

जूनमध्ये निकाल लागला. बहुतेक सगळे निभावले. मी जरा मोकळा श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी स्टाफरूममध्ये एकटा असताना लासूरची मुलगी आली. रसायनशास्त्रात दोन मार्कांनी राहिली होती. मार्क मागायला आले नाही, असं तिनं आधीच सांगून टाकलं. फक्त कुठं चुकलं ते समजून घ्यायचं होतं, कारण बराचसा पेपर वेळेअभावी सुटला असला तरी जेवढं लिहिलं त्यात तिच्या हिशेबानं चुकलेलं काही नव्हतं. तिनं प्रश्नपत्रिका काढली आणि एकेका प्रश्नाला काय लिहिलं ते सांगत गेली. लिहिलेलं खरंच सगळं बरोबर होतं. मग तिनं वही उघडून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली की ही आकृती अशीच्या अशी काढली होती.

मी वही हातात घेतली. बघायची गरज नव्हती. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, पुस्तकातली पाहिली नव्हतीस का?

“पाहिली होती सर. पुस्तकात मधोमध हाय,” ती म्हणाली. “पण तुम्ही दर टायमाला असंच काढायचे. मला वाटलं, पुस्तकातच चुकीचं छापलंय.”

सहा वर्षं मी ज्या क्षणाला टाळत होतो तो असा येईल असं वाटलं नव्हतं. प्राचार्य येतील, चौकशी बसेल, मी भांडेन, आवाज चढवेन, असं काहीबाही मी मनात रचून ठेवलं होतं. इथं समोर तोलाईवाल्याची पोरगी उभी होती आणि तिनं छापील पुस्तकापेक्षा माझ्या हातावर भरवसा ठेवला होता. मी म्हणालो, पुस्तकातलं बरोबर आहे, तू नाही चुकलीस, मी चुकलो. मला दिसत नाही, सहा वर्षांपासून दिसत नाही.

तिनं वही माझ्या हातातून परत घेतली. मी वाट बघत होतो. कशाची, ते आज कबूल करतो. तिनं अरेरे म्हणावं, सर काही हरकत नाही म्हणावं, असं मला वाटत होतं.

“मग सर, माझे मार्क?” ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी उठलो आणि म्हणालो, मला प्राचार्यांकडं घेऊन चल. वाट मला पावलांनी पाठ होती, पण त्या दिवशी पाय मोजायला तयार नव्हते. सरांचा हात कसा धरायचा हा तिला प्रश्न पडला असावा. तिनं वहीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि पुढं चालायला लागली. व्हरांड्यात मुलं गप्प होऊन बाजूला झाल्याचं मला ऐकू येत होतं.

प्राचार्य बरा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत; एवढी वर्षं कळू दिलं नाही म्हणून त्यांना वाईटच वाटलं. वर्ग आता दुसऱ्याकडं द्यावे लागतील, म्हणाले. ज्याच्या भीतीनं मी हे सगळं केलं ते त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मग त्यांनी कागद पुढं ओढला. म्हणाले, विद्यापीठाला लिहूया की चूक आमच्या शिक्षकाची आहे, मुलीला दोन मार्कांची सूट द्यावी. असली पत्रं कधीकधी ऐकतात. फक्त एक सांगा, तपासताना हा मुद्दा कुणी काढला होता का?

ती माझ्या शेजारीच उभी होती. वहीचं टोक अजून तिच्या हातात होतं. खोटं बोलायची सवय मला सहा वर्षांची होती आणि त्या एका क्षणात तेही जमलं असतं. पण पत्र गेलं की केंद्रावरच्या लोकांना विचारलं जाणारच होतं. मी सांगितलं, मुद्दा निघाला होता. तीन मार्क द्यायचं चाललं होतं. मला विचारलं आणि मी शून्य द्यायला सांगितलं.

प्राचार्यांचं पेन थांबल्याचं मला ऐकू आलं. ते म्हणाले, “मग आता मी यात काय लिहू, तुम्हीच सांगा.”

त्यांनी कागद दूर सारला; चूक करणारा आणि शून्य द्यायला लावणारा एकच माणूस, हे लिहून सूट मागता येत नव्हती. पत्र गेलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, ऑक्टोबरच्या परीक्षेला बस, मी रोज शिकवीन, तुझ्या वडिलांना मी स्वतः येऊन भेटतो. गाडीची वेळ झाली सर, एवढंच बोलली आणि आपल्या बाजूनं वही सोडली. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि पायऱ्यांवर थांबला, मग पुढं ऐकू आला नाही. वही माझ्या हातात राहिली. वही न्यायला ती आली नाही, ऑक्टोबरलाही नाही आणि त्यानंतरही नाही.